उत्तर स्क्रीनवर आहे, जबाब कुणाकडे?

संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात सध्या एक प्रश्न आहे, फक्त सगळेच तो मोठ्यानं विचारत नाहीत. जो प्रोग्राम एआय तीन सेकंदांत लिहून देतं, तो मी तासभर डोकं खाजवत का लिहायचा?

आळशी माणसाचा प्रश्न म्हणून तो उडवून लावता येत नाही. सी भाषा शिकवणारं कुठलंही पुस्तक उघडा, कुठल्याही कॉलेजचं प्रॅक्टिकलचं जर्नल चाळा, यादी तीच असते. दिलेली संख्या सम की विषम ते सांगा. तीन संख्यांतली मोठी शोधा. सरळव्याज काढा. फॅक्टोरियल काढा. संख्या उलटी करा. चांदण्यांचा पिरॅमिड छापा. डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ही भाषा 1970च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. 1978 साली त्यांनी आणि ब्रायन कर्निगन यांनी मिळून तिचं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून असले छोटे प्रोग्राम जगभर लिहिले जातायत. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकानं कित्येक बॅचेसकडून ते करून घेतले, टर्बो सीच्या त्या निळ्या स्क्रीनवर. जगाला आणखी एका सम-विषम प्रोग्रामची गरज नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं.

मी पाच महिन्यांपूर्वी सी शिकायला लागले. वय तीस, शिक्षण तत्त्वज्ञानात एमए, नोकरी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात. नोकरी बदलायची म्हणून नव्हे. दिवसभर जे सॉफ्टवेअर मला आकडे सांगतं, ते आतून कसं चालत असेल याचं कुतूहल होतं, म्हणून. माझा मावसभाऊ बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी वही बघून तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “ताई, हे सगळं हातानं कशाला लिहितेस गं? आजी जात्यावर दळायची, आपण गिरणीतून दळून आणतो. आपल्याला कुणी आळशी म्हणतं का?”

त्याचं म्हणणं मला खूप दिवस पुरलं. कारण नेहमीची उत्तरं त्याच्यापुढे टिकत नाहीत. ‘इंटरव्ह्यूमध्ये विचारतात’ म्हणावं, तर उद्या विचारायचे बंद होतील. ‘बुद्धीला व्यायाम होतो’ म्हणावं, तर सुडोकूनंही होतो. ‘बेसिक पक्कं हवं’ हे तर सगळेच म्हणतात, पण का हवं ते कुणी सांगत नाही. हातानं केलेलं काम पवित्र आणि यंत्रानं केलेलं हलकं, असं मानायलाही मी तयार नाही. जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक सहसा ज्यांना पहाटे उठून दळावं लागलं नाही, तीच माणसं करतात.

मग या छोट्या प्रोग्राममध्ये आहे तरी काय?

मनात होतं, लिहिलं नव्हतं

एक उदाहरण घेऊ, तेही आपल्या मातीतलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. संख्यांशी खेळणं हा त्यांचा नाद. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी एक गंमत आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठीतून छोटी वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही 6174वर पोचता आणि तिथेच राहता.

3524 घ्या. 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. कागदावर हे शाळकरी पोरालाही जमतं.

आता याचा सी प्रोग्राम लिहा आणि त्याला 2111 ही संख्या द्या. 2111 वजा 1112 म्हणजे 999. नवशिक्याचा प्रोग्राम बहुतेक वेळा इथे फसतो. तो 999चे तीन अंक सुटे करतो, उतरते लावतो, चढते लावतो, 999मधून 999 वजा करतो आणि शून्यावर जाऊन बसतो. 6174 काही येत नाही. कागदावर करताना आपण काय केलं असतं? 999च्या आधी एक शून्य धरलं असतं: 9990 वजा 0999, म्हणजे 8991. तिथून 8082, मग 8532, मग 6174. आपण शून्य धरलं असतं, पण आपण ते धरतोय हे आपल्या लक्षातही आलं नसतं. ‘चार अंकी’ म्हणताना आपल्या मनात चार घरं होती. मशीनला आपण घरं सांगितलीच नाहीत, फक्त संख्या सांगितली.

सरळव्याजाचंही तसंच. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. कागदावर भागाकार आधी केला काय आणि नंतर केला काय, उत्तर एकच. सीमध्ये पूर्णांक वापरत असाल तर 7 भागिले 100 म्हणजे शून्य, कारण पूर्णांकांच्या भागाकारात दशांश चिन्हानंतरचं सगळं गळून पडतं. म्हणून दहा हजारांना आधी सातानं गुणून मग शंभरानं भागलं, तर एका वर्षाचं व्याज 700 रुपये येतं. सातला आधी शंभरानं भागून मग दहा हजारांनी गुणलं, तर व्याज शून्य. दोन्हींपैकी एकाही प्रोग्रामला कंपायलर अडवत नाही. व्याकरण दोन्हींचं बरोबर आहे.

माणसांशी बोलताना आपण अर्धंच बोलतो. “येताना ते घेऊन ये,” एवढं म्हटलं तरी घरी कोथिंबीर येते. ऐकणारा उरलेलं आपल्या बाजूनं भरून घेतो. म्हणून आपण नेमकं काय बोललो आणि काय गृहीत धरलं, यातलं अंतर आपल्याला सहसा दिसत नाही. सी आपल्या बाजूनं काहीही भरून घेत नाही. दहा ओळींच्या प्रोग्राममध्ये ते अंतर उघडं पडतं, आणि प्रोग्राम छोटा असल्यामुळे ते नेमकं कुठे आहे तेही सापडतं. हजार ओळींच्या प्रोग्राममध्येही ते असतंच, फक्त शोधायला जड जातं.

एआयला हाच प्रोग्राम सांगितला तर ते अंतर ते माझ्या आधीच भरून टाकतं, एखाद्या समजूतदार माणसासारखं. बहुतेक वेळा बरोबर भरतं. प्रोग्राम चालतो, 6174 येतं, आणि माझ्या मनात एक शून्य होतं हे मला कधी कळतच नाही.

शेवटचा 4

सीचा दुसरा स्वभाव म्हणजे ती तुम्हाला थांबवत नाही. या भाषेमागची वृत्तीच अशी की लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते कळतं, त्याच्या वाटेत येऊ नये.

फॅक्टोरियलचा प्रोग्राम बघा. 5चं फॅक्टोरियल म्हणजे 1 ते 5चा गुणाकार, 120. जुन्या टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाची धाव 32767पर्यंतच होती. त्यामुळे 8चं फॅक्टोरियल 40320 यायच्या ऐवजी उणे 25216 यायचं. गुणाकार उणे आलेला बघून पोरं हसायची आणि सरांना विचारायची. आजच्या संगणकावर पूर्णांक 2147483647पर्यंत जातो. म्हणून 12पर्यंत सगळं ठीक चालतं. 13चं खरं फॅक्टोरियल आहे 6227020800. स्क्रीनवर सहसा येतं 1932053504.

हे उत्तर उणे नाही, विचित्रही दिसत नाही. चांगलं भारदस्त, दहा आकडी आहे. इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत. प्रोग्राम अगदी शांतपणे चुकीचं उत्तर देतो.

पण शेवटचा अंक बघा, 4. या गुणाकारात 1 ते 13मधला 10 आला होता. दहानं गुणलेल्या संख्येच्या शेवटी शून्यच यायला हवं. हे कळायला कॉम्प्युटर सायन्सची पदवी लागत नाही, पाचवीचं गणित पुरतं. मात्र एक गोष्ट लागते: स्क्रीनवर आलेल्या आकड्याकडे ‘हा बरोबर आहे का?’ असं विचारत बघायची सवय. आणि ही सवय ज्यानं प्रोग्राम स्वतः रचलाय त्यालाच सहज लागते, कारण गुणाकारात दहा कधी आला ते त्याला आठवत असतं.

मावसभावाच्या जात्याला माझं उत्तर मला इथे सापडलं. आजीनं जातं सोडलं आणि गिरणीवर जायला लागली, यात तिचं काही बिघडलं नाही. पण गिरणीतून आलेलं पीठ ती चिमटीत धरून बघायची. भरड आहे, आधीच्याच्या ज्वारीचं पीठ मिसळलंय, दगडाला नुकती टाकी लावलीय; सगळं तिला बोटांना कळायचं, आणि गरज पडली तर गिरणीवाल्याला ती परत दळायला लावायची. दळण तिनं यंत्राला दिलं होतं, पारख स्वतःजवळ ठेवली होती. ज्यानं पीठ कधी हातात घेतलंच नाही, त्याला गिरणीवाला देईल ते पीठ.

जबाबदार हा शब्द

आता खरा नैतिक प्रश्न. जे मला समजलेलं नाही, त्याची जबाबदारी मी घेऊ शकते का?

आपल्या भाषेनं याचं उत्तर शब्दातच ठेवलंय. दुकानदार म्हणजे ज्याच्याकडे दुकान आहे तो. ठेवीदार म्हणजे ज्याची ठेव आहे तो. तसा जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो. फारसीच्या वाटेनं आलेल्या या शब्दाच्या शेजारी संस्कृत वळणाचा ‘उत्तरदायी’ ठेवून बघा, म्हणजे उत्तर देणारा. दोन वेगळ्या घरांतून आलेले शब्द एकच गोष्ट सांगतात. जबाबदारी म्हणजे चूक झाल्यावर शिक्षा भोगायची तयारी, एवढंच नाही. ‘हे असं का?’ असं कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असणं, ही त्यातली पहिली अट.

कॉलेजातली व्हायवा नेमकी याचसाठी असते, निदान असायला हवी. जर्नल पूर्ण आहे, आउटपुट बरोबर आहे, सही झालीय. तरी बाहेरून आलेले परीक्षक एका ओळीवर बोट ठेवून विचारतात, “इथे हा लूप शून्यापासून का सुरू केला?” मुलगा गप्प. प्रोग्राम त्याच्या नावावर आहे, पण त्याचा जबाब त्याच्याकडे नाही. हे एआयच्या आधीही होतंच. वर्गातल्या एका हुशार मुलीचं जर्नल तेव्हा सगळ्या बॅचमध्ये फिरायचं.

व्हायवात गप्प बसलं तर दोन-चार मार्क जातात. बाहेरच्या जगात कुणाचं काय जातं?

माझ्या आजीची एका पतसंस्थेत ठेव आहे. आजी सातवी शिकलेली, पण व्याजाचा हिशेब डायरीत लिहून ठेवते. गेल्या वर्षी तिच्या हिशेबापेक्षा पासबुकात अकरा रुपये कमी दिसले. अकरा रुपयांनी कुणी गरीब होत नाही. आजीचा प्रश्न एवढाच होता, “कसे कमी, ते मला दाखव.” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय. कॉम्प्युटर थोडीच चुकतो?” मी विचारलं, व्याज रोजच्या शिलकीवर काढता की महिन्याच्या? पैसे पूर्ण रुपयांत कुठल्या टप्प्यावर करता, दर महिन्याला की शेवटी एकदाच? तो मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, “मॅडम, ते सॉफ्टवेअरवाल्यांना विचारावं लागेल.” सॉफ्टवेअर बसवणारा माणूस आता तिथे कामाला नव्हता.

कदाचित आकडा बरोबरही असेल, आजीनंच दिवस जास्त मोजले असतील. पण त्या इमारतीत ‘बरोबर आहे’ असं म्हणायचा अधिकार असलेलं कुणीच नव्हतं. आकडा होता, जबाब नव्हता. आणि जिच्याकडे जबाब होता, डायरीत ओळीनं लिहिलेला, त्या आजीलाच तिथे गप्प केलं जात होतं.

हेच मोठ्या प्रमाणावर झालं तर काय होतं, ते ब्रिटननं पाहिलंय. तिथल्या पोस्ट ऑफिसनं ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आणली. गावोगावी छोट्या शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांच्या खात्यात अचानक तूट दिसायला लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. यंत्रणा म्हणत होती, पैसे कमी आहेत. संगणक नीट चालतोय असंच कायदा तिथे गृहीत धरतो. तो चुकतोय हे आरोपीनं दाखवून द्यायचं, आणि त्या बिचाऱ्यांना प्रोग्राम बघायलाही मिळत नव्हता. 1999 ते 2015 या काळात 900हून जास्त जण दोषी ठरले. कित्येकांचं दिवाळं निघालं, काही तुरुंगात गेले. भारतीय वंशाची एक पोस्टमास्तर गरोदर असताना तुरुंगात गेली. यंत्रणेत दोष होते हे न्यायालयानं 2019 साली स्पष्ट केलं, आणि 2024मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

या प्रकरणात खोटं बोलणारेही होते आणि लपवणारेही. पण रोजच्या कामात गुंतलेली बरीच माणसं फक्त स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवत होती. आकडा आला कुठून, हे विचारणं आपलं काम आहे असं त्यांना वाटलं नाही.

पण सगळं कोण समजून घेणार?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सगळं समजून घेणं कुणालाच शक्य नाही. मी सीमध्ये सम-विषम लिहिते तेव्हा कंपायलर दुसऱ्या कुणी लिहिलेला असतो, त्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्याची, चिप चौथ्याची. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी 1983 साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना हाच मुद्दा टोकाला नेला होता. कंपायलरमध्येच अशी लबाडी लपवता येते की प्रोग्रामची ओळन्‌ओळ वाचली तरी ती दिसणार नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. कुठेतरी कुणावर तरी विश्वास टाकावाच लागतो.

दुसरा आक्षेप सीवरच आहे. ‘ती अडवत नाही, म्हणून जबाबदारी शिकवते’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजलीय. सीमध्ये पाच घरांची रांग करा, म्हणजे ॲरे, आणि सहावं घर मागा. भाषा नाही म्हणत नाही. तिथे मेमरीत जे काही पडलं असेल ते उचलून देते, नाहीतर प्रोग्राम कोसळतो. हीच जातकुळी 2014च्या एप्रिलमध्ये जगाला भोवली. ओपनएसएसएल हे सीमध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर इंटरनेटवरचा प्रचंड व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी वापरलं जातं. त्यात एक सोय होती: जोडणी जिवंत आहे का ते बघायला एक संगणक दुसऱ्याला म्हणतो, ‘हा शब्द परत पाठव, याची लांबी इतकी आहे.’ समोरच्यानं लांबी खरी आहे का ते तपासलंच नाही. छोटासा शब्द पाठवून लांबी 64 हजार अक्षरांची सांगितली, तर तो आपल्या मेमरीतलं शेजारचं सगळं उचलून द्यायचा. त्यात कुणाचे पासवर्ड, कुणाच्या गुप्त किल्ल्या. या दोषाला हार्टब्लीड म्हणतात. तो दोन वर्षं तिथे होता. लिहिणारा नवशिका नव्हता, आणि दुसऱ्या जाणत्या माणसानं तो कोड तपासूनच आत घेतला होता.

म्हणून ‘काळजीपूर्वक लिहिलं की झालं’ असं मी म्हणणार नाही. चुकू न देणाऱ्या नव्या भाषा येतायत हे चांगलंच आहे. हेल्मेट घालणारा भित्रा नसतो. एआयबद्दलही तेच. तालुक्याच्या गावात, जिथे धड शिकवणारं कुणी नाही, तिथल्या मुलीला रात्री अकरा वाजता मराठीत विचारता येतं की पॉइंटर म्हणजे काय, आणि उत्तर मिळतं. पूर्वी हे शहरात क्लासची फी भरणाऱ्यालाच मिळायचं. ही सोय काढून घ्या असं म्हणणाऱ्यांना तिची अडचण कधी आलेली नसते.

मग या दोन आक्षेपांनंतर छोट्या प्रोग्रामचं काय उरतं?

माझ्या मते, भरपूर उरतं. विश्वास टाकावाच लागतो हे खरं, पण तो कुठून सुरू होतो ते मला माहीत असणं आणि नसणं यात फरक आहे. डॉक्टरवर विश्वास ठेवणारा रुग्ण आणि कुठल्याही पांढऱ्या कोटावर विश्वास ठेवणारा रुग्ण हे दोघं सारखे नाहीत. दहा ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहिला की निदान एवढी जमीन मी पायाखाली तपासलेली असते. इथपर्यंत मला माहीत आहे, इथून पुढे मी भरवसा ठेवतेय, अशी रेघ मला ओढता येते. ज्यानं एकही प्रोग्राम स्वतः लिहिलेला नाही, त्याला ही रेघ कुठे ओढावी तेच कळत नाही. त्याच्यासाठी सगळंच ‘सिस्टीम’ असतं.

आणि हार्टब्लीड मला उलटंच शिकवतो. तो दोष समजायला मला फार काही शिकावं लागलं नाही. पाच घरांच्या रांगेत सहावं घर मागितलं तर काय होतं, हे पुस्तकाच्या मधल्या प्रकरणात मी करून पाहिलं होतं. जगभर गाजलेली चूक आणि नवशिक्याचा सराव एकाच प्रश्नावर उभे होते: समोरून आलेला आकडा तपासला का? मोठी यंत्रणा कुठे मोडेल, हे छोट्या प्रोग्राममध्ये आधी दिसून जातं. तिथे त्यानं कुणाचं नुकसान होत नाही, एवढाच काय तो फरक.

सराव कशाचा

म्हणून मावसभावाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. सम-विषमचा प्रोग्राम मी जगासाठी लिहीत नाही, तो आउटपुट मिळावा म्हणूनही लिहीत नाही. उद्या माझ्या नावानं एखादा आकडा कुणापुढे ठेवला जाईल आणि समोरची बाई विचारेल, ‘कसं ते मला दाखव,’ त्या क्षणासाठी हा सराव आहे. तोवर मधलं सगळं दळण यंत्रानं केलं तरी माझी हरकत नाही.

यातून मी स्वतःपुरते तीन साधे नियम केलेत. नवीन प्रकरणातला पहिला प्रोग्राम मी स्वतः लिहिते, कितीही वेळ लागो. एआयला ‘लिहून दे’ म्हणायच्या आधी ‘हे असं का होतंय’ एवढंच विचारते. आणि कोड कुणीही लिहिलेला असो, चालवायच्या आधी एक उत्तर कागदावर काढून ठेवते. 2111ला काय यायला हवं? 13च्या फॅक्टोरियलच्या शेवटी किती शून्यं हवीत? (दोन. एक दहामुळे, आणि एक पाच व दोनच्या जोडीमुळे.) हा कागद म्हणजे माझी चिमूट.

मावसभावाला या उन्हाळ्यात एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप मिळालीय. ती कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पहिलं काम आलंय ठेवीवरच्या व्याजाचं. त्यानं एआयकडून कोड लिहून घेतला, तो चालतोही, साहेब खूश आहेत. मी त्याला एवढंच म्हटलं, आजीची डायरी घे, तिच्या ठेवीचे आकडे घाल, आणि जे उत्तर येईल ते तिला ओळीओळीनं समजावून सांग. तिला पटलं तर कोड तुझा.

तो म्हणाला, “ताई, आजीला पटवणं व्हायवापेक्षा अवघड आहे.” पण डायरी मागायला रविवारी येतोय.